पत्र्याच्या होडीचा टाका

वाचकहो, आपल्या स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची कढई एकदा हातात घ्या आणि तिच्या कानांकडे जरा निरखून पाहा. प्रत्येक कान दोन-तीन गोल टिकल्यांनी कढईला जखडलेला दिसेल. त्या टिकल्या म्हणजे रिव्हेट. कारखान्यातला कामगार त्याला ‘रिबीट’ म्हणतो. बाहेरून एक डोके, आतून दुसरे डोके आणि मध्ये पत्र्यातून आरपार गेलेली दांडी. त्याला स्क्रूसारखे आटे नाहीत, बोल्टसारखी चाकी नाही. एकदा ठोकला की ठोकला.

आता असं मनात आणा, की अख्खी एक होडी अशाच शेकडो टिकल्यांनी जोडलेली आहे, आणि प्रत्येक टिकलीच्या पलीकडे पाणी उभे आहे. कढईचा कान सैल झाला तर फार तर भाजी सांडेल. होडीचा टाका सैल झाला तर काय होईल, ते मी सांगायला नको.

एका खाडीकाठी मी अशी एक होडी पाहिली होती. माणसांची ने-आण करणारी, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, बरीच जुनी. तळातले काही रिव्हेट सैल होऊन पाणी झिरपू लागले होते. दुरुस्त करणाऱ्याने विचार केला, ॲल्युमिनियम हा मऊ धातू, त्याला मजबूत काहीतरी द्यावे. त्याने जुने रिव्हेट काढून तिथे चांगले जाड लोखंडी बोल्ट आवळले. होडीचे गळणे थांबले आणि सगळे खूष झाले. दोन पावसाळे गेले. मग पाहतात तो प्रत्येक बोल्टाभोवती पांढरी भुकटी साचलेली, आणि ती खरवडली की खाली पत्राच नाही! नखाएवढ्या भोकाच्या जागी रुपयाएवढे भोक. बोल्ट गंजले होते खरे, पण होते जागच्या जागी. त्यांच्या भोवतालची होडीच नाहीशी झाली होती.

त्या माणसाची नियत वाईट नव्हती, हातही चांगला होता. चूक झाली ती एका नियमाची: ॲल्युमिनियमच्या होडीला ॲल्युमिनियमचाच रिव्हेट, आणि तोही भरीव. नियम एवढासा आहे, पण तो समजायला माणसाला दीडशेहून अधिक वर्षे लागली आणि त्यात चांगली चांगली जहाजे खर्ची पडली. तीच गोष्ट आज आपल्याला सांगायची आहे.

होडी म्हणजे मुळात जोडाची विद्या. एका ओंडक्यात कोरलेली होडी सोडली, तर बाकी साऱ्या होड्यांपुढे पहिला प्रश्न हाच, की हा तुकडा त्या तुकड्याला धरायचा कसा? आपल्या अरबी समुद्रात शतकानुशतके फळ्या काथ्याच्या दोरीने चक्क शिवून गलबते बांधत. युरोपातल्या सुतारांनी लोखंडी खिळा जवळ केला. पण ओक नावाच्या त्यांच्या लाकडात एक आंबट द्रव्य असते. ते लोखंडाला खाते. आपला साग याच्या उलट तेलकट, त्यात लोखंड बराच काळ सुखाने राहते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानाची जी जहाजे बांधली, त्यांच्या दीर्घायुष्याचे हे एक कारण मानतात. 1817 साली मुंबईत पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात घ्या. जोड टिकतो तो नुसत्या ताकदीने नव्हे. खिळा आणि फळी यांचे एकमेकांशी जमावे लागते.

हे न जमल्याचा एक मोठा दाखला इतिहासात नोंदलेला आहे. अठराव्या शतकात लाकडी जहाजांना समुद्रातल्या किड्यांनी जेरीस आणले होते. उष्ण समुद्रात हे किडे जहाजाचा तळ पोखरून त्याची अक्षरशः चाळण करीत. ब्रिटिश नौदलाने 1761 साली ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पातळ पत्रा मढवला आणि तिला वेस्ट इंडीजकडे धाडले. ती परत आल्यावर तपासणी झाली. किडा नावालाही नव्हता, तांबेही शाबूत होते. पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे आणि पट्ट्या कुजून मऊ लगद्यासारख्या झाल्या होत्या, आणि जागोजागी पत्रा सुटला होता.

या तपासणीत एक मोठी मौजेची गोष्ट आढळली. तांब्याचे पत्रे गोदीत आले ते तपकिरी कागदात गुंडाळून. बसवताना काही ठिकाणी तो कागद चुकून तसाच राहिला होता. जिथे लोखंड आणि तांबे यांच्यामध्ये कागद होता, तिथले लोखंड जसेच्या तसे होते! तपासणाऱ्यांनी 1763 मध्ये आपल्या अहवालात लिहिले, की समुद्राच्या पाण्यात लोखंडाला तांब्याशी थेट लागू देऊ नये. का, ते त्यांना ठाऊक नव्हते. गॅल्व्हानीचे बेडकाचे प्रयोग अजून व्हायचे होते, व्होल्टाची विजेची घटमाला 1800 सालची. पण निष्काळजी हातांनी विसरलेल्या एका कागदाने शास्त्रज्ञांच्या आधीच उत्तर देऊन ठेवले होते.

ते उत्तर आज आपल्याला सोपे आहे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकवा आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात बुडवा, की त्यांची एक विजेची बॅटरी तयार होते. टॉर्चमध्ये घालतो तशीच, पण ही कुणी मागितलेली नसते. या बॅटरीत एक धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. कोणी झिजायचे, याची जणू पायरी ठरलेली आहे. लोखंड आणि तांबे एकत्र आले की झिजायची पाळी लोखंडावर. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की पाळी ॲल्युमिनियमवर. आमच्या खाडीवरच्या होडीचे नेमके हेच झाले होते.

सर हंफ्री डेव्ही यांनी 1824 साली या गोष्टीचा उलटा उपयोग सुचवला. झिजायचेच असेल तर मुद्दाम एखादा जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा पुढे करा. तो झिजेल आणि तांबे वाचेल. तांबे खरोखर वाचले. पण तांब्याचे विष पाण्यात उतरेनासे झाल्यामुळे शेवाळ आणि शिंपले तळावर सुखाने नांदू लागले, आणि नौदलाने तो नाद सोडला! युक्ती मात्र वाया गेली नाही. आजही लोखंडी आणि ॲल्युमिनियमच्या नौकांना असे बळीचे तुकडे लावतात आणि झिजले की बदलतात.

आता ॲल्युमिनियमकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हा धातू फार महाग, दागिन्यांच्या मोलाचा होता. 1886 साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, विजेच्या साहाय्याने तो स्वस्तात काढण्याची रीत शोधली. लोखंडाच्या जेमतेम एकतृतीयांश वजनाचा धातू हाती आला म्हटल्यावर नौका बांधणाऱ्यांना मोह न पडता तरच नवल. 1894 मध्ये लंडनच्या यॅरो कारखान्याने फ्रेंच नौदलासाठी ॲल्युमिनियमची एक टॉर्पेडो-बोट बांधली. ती हलकी होती, पळायचीही छान. पण तिच्या पत्र्यात थोडे तांबे मिसळलेले होते, आणि खाऱ्या पाण्याने तिला खाऊन टाकले.

पुढच्याच वर्षी याहून मोठा धडा मिळाला. अमेरिकेत नॅथॅनियल हेरेशॉफ नावाचे शर्यतीच्या नौकांचे विख्यात शिल्पी होते. ‘अमेरिका कप’ या शर्यतीसाठी 1895 साली त्यांनी ‘डिफेंडर’ नावाची नौका बांधली. पाण्याखालचा भाग गुळगुळीत राहावा म्हणून ब्राँझचा, वरचा भाग हलका असावा म्हणून ॲल्युमिनियमचा, आतल्या फासळ्या पोलादाच्या. आणि हे सारे एकमेकांना रिव्हेटांनी जखडलेले. प्रत्येक धातू आपापल्या जागी उत्तम निवडलेला. नौका शर्यत जिंकली, लॉर्ड डनरेव्हन यांच्या ‘व्हल्किरी’ला हरवून. पण समुद्राच्या पाण्यात तीन धातू एकत्र बांधले होते. ॲल्युमिनियम झपाट्याने कुजत गेले. 1899 मध्ये दुसऱ्या नौकेच्या सरावासाठी तिची डागडुजी करून तिला उभी केली, आणि 1901 मध्ये ती मोडीत निघाली. आयुष्य अवघे सहा वर्षांचे!

हेरेशॉफना या गोष्टीची मुळीच कल्पना नसेल, असे मानायचे कारण नाही. त्यांना एक शर्यत जिंकायची होती आणि ती त्यांनी जिंकली. पण आपल्याला होडी एका शर्यतीपुरती नको असते. ती उद्याही हवी, पुढच्या पावसाळ्यातही हवी.

शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते, ही दुसरी अडचण. ती सुटली जर्मनीत, आणि सुटली तीही थोडी अपघाताने. आल्फ्रेड व्हिल्म हे धातुतज्ज्ञ 1906 साली ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे आणि किंचित मॅग्नेशियम मिसळून, तापवून, पाण्यात थंड करून पाहत होते. सांगतात ते असे, की एका शनिवारी नमुन्याचा कठीणपणा मोजून काम थांबवले. सोमवारी पुन्हा मोजला तर तोच नमुना कितीतरी कठीण झाला होता. कुणी हात लावला नव्हता. धातू नुसता पडल्या पडल्या कठीण होत होता! या मिश्रधातूला पुढे ‘ड्यूरॅल्युमिन’ हे नाव पडले आणि विमानांचे युग त्याच्यावर उभे राहिले.

रिव्हेट ठोकणाऱ्याला मात्र याने एक नवाच पेच घातला. या धातूचा रिव्हेट तापवून थंड केल्यावर थोडा वेळच मऊ असतो. तेवढ्यात ठोकला तर ठीक, नाहीतर तो कठीण होतो आणि ठोकताना तडकतो. मग युक्ती निघाली: रिव्हेट तापवून थंड केले, की लगेच बर्फाच्या पेटीत ठेवायचे! थंडीत त्यांचे कठीण होणे लांबते. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या कारखान्यांत अशा पेट्या असत आणि कामगार लागतील तेवढेच रिव्हेट बाहेर काढीत. आपल्याकडे पेठेत कुल्फीची पेटी असते, तशी तिकडे रिव्हेटची पेटी म्हणा ना!

या विमानांत एक जात अशी होती, की ती निम्मी विमान आणि निम्मी होडी होती. 1935 साली प्रथम उडालेले ‘कॅटलिना’ हे अमेरिकन विमान पाण्यावर उतरे आणि पाण्यावरूनच उठे; त्याचे पोट म्हणजे ॲल्युमिनियमची रिव्हेटी होडीच. खवळलेल्या समुद्रावर आपटत उतरावे लागले, की तळातले रिव्हेट उडून जात आणि भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या येत. मग वैमानिक काय करीत? नकाशावर रेघा मारायच्या पेन्सिली त्या भोकांत कोंबून मोडीत आणि तसेच उडून घरी येत. पेन्सिलीने जीव वाचे, पण ती दुरुस्ती नव्हे. खरी दुरुस्ती तळावर परतल्यावर, भरीव रिव्हेटानेच होई.

या गोष्टीशी आपलाही संबंध आहे. मूळच्या सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. 1943 मध्ये युद्धाच्या गरजेने तो अमेरिकन हवाई दलाच्या व्यवस्थेखाली गेला आणि तिथे विमानांची मोठी दुरुस्ती होऊ लागली. दुरुस्तीला आलेल्या विमानांत ही ‘कॅटलिना’ही होती. विमान बांधण्याच्या आपल्या विद्येचा श्रीगणेशा असा पत्रा आणि रिव्हेट यांच्यापासून झाला.

युद्ध संपता संपता हीच कला साध्या होडीकडे आली. लढाऊ विमाने बनवणाऱ्या ग्रमन कंपनीतले एक अधिकारी, विल्यम हॉफमन, 1944 साली सुट्टीत ॲडिरॉन्डॅक डोंगरांत फिरायला गेले होते. तिथे दोन तळ्यांमधल्या वाटेवर लाकडी होडी खांद्यावर वाहून नेताना त्यांचा जीव मेटाकुटीला आला. त्यांच्या मनात आले, आपण विमाने ज्या पत्र्याची बनवतो, त्याचीच होडी का नको? 1945 पासून ग्रमनच्या ॲल्युमिनियमच्या होड्या निघू लागल्या. पत्रा ताणून होडीचे दोन अर्धे भाग बनवायचे आणि मधोमध कण्याशी रिव्हेटांनी शिवायचे, अशी रीत. त्या होड्या गोड्या पाण्यात पन्नास-पन्नास वर्षे टिकल्या. कारण पत्रा, कणा, फासळ्या आणि रिव्हेट ही सारी एकाच गोत्राची.

आता आपण पुन्हा आपल्या खाडीवर येऊ. अशी होडी गळू लागली तर करायचे काय?

प्रथम गळती शोधा. होडी घडवंचीवर नीट टेकवून आत चार-सहा बोटे पाणी ओता आणि बाहेरून पाहा. ज्या रिव्हेटाशी थेंब दिसेल, तिथे खडूची खूण करा. रिव्हेट नुसता सैल असेल तर कधी कधी आतून आधार देऊन पुन्हा ठोकल्यानेही भागते. नाहीतर तो काढावा लागतो. डोक्याच्या अगदी मधोमध पंचाने खूण करून, दांडीपेक्षा किंचित बारीक ड्रिलने फक्त डोक्याच्या जाडीएवढे छिद्र पाडायचे, छिन्नीने डोके उडवायचे आणि दांडी पंचाने पलीकडे काढायची. इथे घाई नको. ड्रिल वाकडे गेले तर भोक लांबट होते, आणि लांबट भोकात तोच रिव्हेट पुन्हा बसत नाही. मग एक माप मोठा घ्यावा लागतो.

नवा रिव्हेट निवडताना धातू आधी पाहा. होडीच्या पत्र्याशी जमणारा, खाऱ्या पाण्यासाठी मॅग्नेशियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा रिव्हेट चांगला. मग लांबी. एक सोपा हिशेब आहे: जोडायच्या पत्र्यांची सगळी जाडी धरून वर दांडीच्या जाडीच्या दीडपट शेपूट बाहेर राहिली पाहिजे. दांडी पावणेपाच मिलिमीटरची असेल तर शेपूट सुमारे सात मिलिमीटर. ठोकून झाल्यावर त्या शेपटाचे जे डोके होते, तेही दांडीच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच असावे. फार चेपले तर तडकते, कमी चेपले तर धरत नाही. भोकात आणि दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी न शिरू देणारा लेप आधी लावून घ्यायचा.

भरीव रिव्हेट ठोकायला दोन माणसे लागतात. एक बाहेर, हातोडा किंवा हवेवर चालणारी बंदूक घेऊन. दुसरा होडीच्या आत, शेपटाला पोलादाचा जड ठोकळा घट्ट टेकवून. बाहेरचा डोक्यावर घाव घालतो आणि ठोकळ्याच्या आधाराने शेपूट फुलते. त्याच वेळी मऊ दांडी जाड होऊन भोक काठोकाठ भरून टाकते. भरीव रिव्हेट पाणी अडवतो तो यामुळेच. बाजारात ‘पॉप’ रिव्हेट मिळतो, तो एकट्याने एका बाजूने बसवता येतो, म्हणून सोयीचा वाटतो. पण तो पोकळ असतो, भोक तसे भरत नाही, आणि पुष्कळदा त्याच्या पोटात पोलादी सळईचा तुकडा मागे राहतो. म्हणजे आपण पुन्हा ‘अलार्म’च्या काळात आलो!

या दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही, आणि आवाजात बोलणे ऐकू जात नाही. म्हणून विमानांच्या कारखान्यांत खुणांची एक भाषा रूढ झाली. आतल्याने ठोकळ्याने एकदा टकटक केले, तर ‘अजून थोडे ठोक’. दोनदा केले, तर ‘छान बसला, पुढे चल’. तीनदा केले, तर ‘बिघडला, काढून टाक’. महायुद्धात अमेरिकेत हजारो स्त्रिया या कामावर आल्या, आणि त्यांच्याही जोड्या याच भाषेत बोलत. बाहेरच्याला फक्त चकचकीत डोके दिसते. रिव्हेट खरा बसला की नाही, हे आतल्यालाच ठाऊक. त्याने आळसाने तीनाऐवजी दोनदा टकटक केले, तर बाहेर कुणाला कळणार नाही. पुढे कधीतरी पाण्याला कळेल.

शेवटी दोन बारीक गोष्टी सांगून ठेवतो. अशा होडीच्या तळात तांब्याचे नाणे किंवा पितळी वस्तू पडू देऊ नका. ओल्या तळात पडून राहिली तर तेवढ्यानेही पत्र्याला खड्डा पडतो. आणि तळाला तांबेयुक्त रंग कुणी कितीही आग्रहाने दिला, तरी तो लावू नका.

खाडीवरची ती होडी पुढे दुरुस्त झाली. कुजलेला पत्रा कापून त्यावर ठिगळ घालावे लागले आणि त्याला साठ-सत्तर रिव्हेट लागले. ज्याने बोल्ट आवळले होते, तोच या वेळी आत ठोकळा धरून वाकून बसला होता. बाहेर त्याचा पुतण्या हातोडा चालवीत होता. मी काठावर उभा राहून ऐकत होतो. बहुतेक वेळा आतून दोनच टकटक येत. तीन-चार वेळा मात्र तीन आल्या, आणि प्रत्येक वेळी पुतण्याने एक शब्द न बोलता हातोडा खाली ठेवून ड्रिल उचलले.